आयर्विनला किती?

जुलै-ऑगस्टात सांगलीत ओळखीचा माणूस रस्त्यात भेटला की तब्येतीची विचारपूस मागाहून होते. आधी विचारतात, ‘आयर्विनला किती?’ उत्तर फुटांत येतं. ३८ म्हटलं की समोरचा मान डोलावून पुढं जातो. ४२ म्हटलं की सायकल वळवून घराकडं निघतो.

आयर्विन म्हणजे कृष्णेवरचा १९२९ सालचा दगडी पूल. संस्थान पटवर्धनांचं, पुलाला नाव व्हाइसरॉयचं, आणि त्याची पाणीपट्टी मात्र साऱ्या गावाची. ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका, हे सरकारी आकडे. पण नदीकाठच्या जुन्या घरांना स्वतःचा वेगळा आकडा असतो. गावभागातल्या आमच्या घराचा आकडा साधारण ४८. तेवढं झालं की गल्लीत पाणी येतं. आमचं जोतं तीन फुटांचं, म्हणून ५१ होईपर्यंत उंबरा कोरडा राहतो. हे गणित मला आजीनं शिकवलं. तिला शाळा दुसरीपर्यंतच लाभली होती. पुढं पस्तीस वर्षं मी तेच गणित पोटापाण्यासाठी करत राहिलो.

मी विम्याचा सर्व्हेअर होतो. आग लागली, पाणी शिरलं, यंत्र जळालं की नुकसान किती झालं ते ठरवणारा माणूस. १९३८ च्या विमा कायद्यानंच ही सोय करून ठेवली आहे: ठरावीक रकमेच्या वरचा दावा परवानाधारक सर्व्हेअरनं पाहिल्याशिवाय निकाली निघत नाही. मी कामाला लागलो तेव्हा ही रक्कम २० हजार होती. कंपनीला वाटतं हा माणूस फार देतो, विमेदाराला वाटतं हा फार कापतो. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसायला दोघंही राजी नसतात.

पुरानंतर घरात शिरलो की मी आधी भिंत बघायचो. माणसं दुःखात असतात, आकडे कमीजास्त सांगतात. भिंत सांगत नाही. गाळाची तपकिरी रेघ सगळ्या खोल्यांतून एका पातळीत गेलेली असते, कपाटामागंसुद्धा. मोजपट्टी लावली की वाद मिटतो. फ्रिजचा कॉम्प्रेसर पाण्यात होता का, गादी भिजली का, पंखा बुडाला का, सगळं त्या रेघेवरून कळतं.

आमच्या स्वतःच्या घरात अशा तीन रेघा आहेत. २००५ ची कमरेला लागते. २०२१ ची तिच्यापेक्षा चार बोटं वर. आणि २०१९ ची माझ्या डोक्याच्या वर, दाराच्या चौकटीला टेकलेली. आयर्विनला २००५ मध्ये ५३ फुटांच्या पुढं पाणी गेलं होतं, २०१९ मध्ये ५७ च्याही वर. पुलावरचा फूट आणि आमच्या भिंतीवरचा फूट यांत फार फरक पडत नाही, हे मी तिन्ही वेळा मोजून पाहिलं.

२००५ च्या आधीची रेघ घरात नाही. ज्यानं जोतं बांधलं त्यानं विचार करून बांधलं होतं. पुढचा भाग १९७८ मध्ये वडिलांनी विटांत बांधला, पण मागचे सहा खण अजून जुनेच आहेत. दगडी तळखडा, त्यावर सागवानी खांब, खांबावर तुळई, वर माळा, मधल्या भिंती पांढऱ्या मातीच्या. आताचे इंजिनिअर मातीची भिंत म्हटली की हसतात. या बांधणीतली गोम अशी की छपराचा भार भिंतीवर नसतोच. तो खांबांवर असतो, आणि खांबाचा पाय दगडावर, ओलीपासून वीतभर वर. भिंत विरघळली, खचली, आडवी झाली तरी छप्पर जागेवर राहतं. आजोबा म्हणायचे, माती तीच, पुन्हा मळायची, पुन्हा भिंत.

मातीची भिंत पाण्यात उभी असताना सहसा पडत नाही. पाणी उतरल्यावर पडते. दोन्ही बाजूंनी पाणी असतं तोवर तेच तिला धरून ठेवतं. ते गेलं, वर ऊन पडलं, की भिजून जड झालेली भिंत बसते. पंचनाम्याला गेलेल्या तलाठ्याला आणि मलाही हे उशिरा कळलं. ‘पूर ओसरला, घर शाबूत’ असं लिहून आलेल्या घराच्या भिंती आठवडाभरानं पडलेल्या मी पाहिल्या आहेत. आजी पाणी गेल्यावर चार दिवस कुणाला मागच्या खोल्यांत झोपू देत नसे. आम्हाला वाटायचं सोवळ्याचं काहीतरी असणार.

तिचं पुराचं वेळापत्रक ठरलेलं असायचं. ४० झाले की धान्य माळ्यावर. ४३ ला फडताळातली कागदपत्रं, देव आणि पितळेची मोठी भांडी. ४५ ला गाय विश्रामबागेकडच्या आत्याकडं, कारण तो भाग उंच. मुलं आणि म्हातारी माणसं गायीबरोबर. ती स्वतः शेवटी. आत्याच्या सासरच्यांनीही याची कधी कुरकुर केली नाही, आणि दिवाळीला आमच्याकडून त्यांच्याकडं गुळाची ढेप जायची ती कधी चुकली नाही. आता मागं वळून पाहताना मला ती ढेप हप्त्यासारखी दिसते.

१९६१ च्या जुलैत मामा पुण्याहून बायको-मुलांसह आमच्याकडं आला. १२ जुलैला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही, आणि मुठेकाठच्या पेठांत भरदिवसा पाणी शिरलं. मामाकडं अंगावरचे कपडे आणि एक हातघड्याळ होतं. पुढं त्यांना गोखलेनगरात अर्धगोल पत्र्याच्या निसेन हटमध्ये जागा मिळाली. पत्र्याचं अर्धं पिंप कापून पालथं घातल्यासारखं घर, उन्हाळ्यात आत बसवत नसे. तेव्हा मी सात वर्षांचा. आठवतो तो आजीचा मामाला विचारलेला एकच प्रश्न: ‘अरे, पण माळ्यावर काही चढवलं नव्हतंस का?’ धरण फुटून आलेलं पाणी माळ्याची वाट बघत नाही, हे तिला पटलंच नाही. तिची नदी दोन दिवस आधी सांगून येणारी होती. घर वाचवायचं तर आधी नदीचा स्वभाव माहीत हवा. चिपळूणची वाशिष्ठी काही तासांत येते आणि काही तासांत जाते. आमची कृष्णा रांगत येते, पण आली की आठ-आठ दिवस मुक्काम करते. चिपळूणकराला जीव घेऊन पळायला उंच जागा हवी. सांगलीकराला सामान हलवायला वेळ मिळतो, पण पाया आठवडाभर भिजत राहतो.

पाहुणी आली की तिला वाट मोकळी करून द्यायची, ही रीत पाहायची असेल तर नृसिंहवाडीला जावं. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरचं ते दत्ताचं देऊळ दर पावसाळ्यात पाण्यात जातं, आणि कुणी हाय खात नाही. पादुकांवर उंच शिखर नाही. पाणी वाढलं की उत्सवमूर्ती वरच्या अंगाला नारायणस्वामींच्या मंदिरात जाते. पाणी पादुकांना लागून दक्षिणेकडच्या दारातून बाहेर पडू लागलं की तो दक्षिणद्वार सोहळा. त्या पाण्यात स्नान करायला लोक लांबून येतात. भाविकाला त्यात पुण्य दिसतं. माझ्यासारख्या रुक्ष माणसाला त्यात उत्तम बांधकाम दिसतं: जे हलवता येईल ते हलवायचं, जे हलत नाही ते दगडाचं ठेवायचं, आणि पाण्याला एका दारानं आत घेऊन दुसऱ्या दारानं जाऊ द्यायचं.

सांगलीत नेमकं उलट झालं. नदीकाठची मळी पूर्वी पिकांसाठी होती. पुरात बुडायची, गाळ बसायचा, वांगी-काकड्या फोफावून यायच्या. गाव वाढलं तशी त्या मळीचे आणि नाल्याकाठच्या जमिनींचे प्लॉट पडले. आज पाणी चढायला लागलं की पहिली नावं ऐकू येतात ती सूर्यवंशी प्लॉट आणि इनामदार प्लॉटची, मग कर्नाळ रस्ता, दत्तनगर, काकानगर. ज्यांना गावात जागा परवडली नाही तेच तिथं गेले, त्यामुळं त्यांना दोष देणं मला जमत नाही. पण नकाशे होते. राज्याच्या पाटबंधारे खात्याच्या १९८९ च्या परिपत्रकात दोन रेषा सांगितल्या आहेत: पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळीच्या आत बांधकाम निषिद्ध, निळी आणि लाल यांच्या मध्ये नियंत्रित. या रेषा कागदावर निळ्या-लाल राहिल्या. जमिनीवर तपकिरी रेघ आली तेव्हाच लोकांना दिसल्या. ज्या गावात प्रत्येक म्हातारीला आपल्या उंबऱ्याचा आकडा पाठ होता, तिथं फ्लॅट घेणारा तिसऱ्या पिढीचा मुलगा मजला, पार्किंग, लिफ्ट सगळं विचारतो आणि हा आकडा विचारत नाही.

हरिपूरची पेवं सांगितल्याशिवाय सांगलीच्या पुराचा इतिहास पुरा होत नाही. हळदीची ही बाजारपेठ मोठी झाली ती पेवांमुळं. हरिपूर-सांगलीची माती अशी की तिच्यात खोल, वर तोंड निमुळतं आणि पोट फुगीर असा खड्डा खणला तरी कडा ढासळत नाहीत. आत हळदीची पोती रचायची, तोंडावर फरशी ठेवून मातीनं लिंपायचं, की माल वर्षानुवर्षं किडीवाचून टिकायचा. उघडताना मात्र लगेच आत उतरायचं नाही. आतली हवा मेलेली असायची. पेव तासन्‌तास उघडं ठेवून, कंदील सोडून पाहून मगच माणूस उतरवायचे. व्यापारी पेवांवर सौदे करायचे. माल जमिनीखाली गप्प पडलेला आणि वर त्याची मालकी हात बदलत राहिलेली.

२००५ च्या पुरात पेवांत पाणी गेलं. नदीकाठच्या गावात, जमिनीखाली, आणि आठवडाभर. मी तिथं गेलो तेव्हा उघडलेल्या पेवांतून आंबूस वास येत होता आणि उपसलेलं पाणी वाटेनं पिवळं वाहत होतं. ज्याच्या दाव्यासाठी गेलो होतो तो व्यापारी भला माणूस. पॉलिसी चालू, हप्ता भरलेला, रक्कमही भरपूर. पण पॉलिसीत जागेचा पत्ता होता गणपती पेठेतल्या दुकानाचा, आणि माल होता हरिपूरच्या पेवात. विमा मालाचा असला तरी तो ठरावीक जागेतल्या मालाचा असतो. मी अहवालात जे दिसलं ते लिहिलं. त्यानं चहा दिला, मी प्यालो नाही. पेवांचा जुना दिमाख त्या पुरानंतर ओसरला आणि हळद गोदामांत, शीतगृहांत गेली. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा मला तो न प्यालेला चहा आठवला.

‘विमा’ हा शब्द फारसीतून आला आणि आपल्या पेढ्यांवर कधीच रुळला. जोखमी हुंडी नावाचा प्रकार होता: माल सुखरूप पोचला तरच हुंडीचे पैसे द्यायचे, वाटेत बुडाला तर हुंडीही बुडाली. म्हणजे जोखीम विकता येते हे आपल्या सावकारांना इंग्रजी कंपन्या यायच्या आधी ठाऊक होतं. पण ती मालाची जोखीम. राहत्या घराची जोखीम विकायची असते ही कल्पना आपल्याकडं फार उशिरा आली, आणि खरं सांगायचं तर अजून नीट आलेली नाही. १ जानेवारी १९७३ ला सर्वसाधारण विम्याचं राष्ट्रीयीकरण झालं, शंभरावर कंपन्यांच्या चार सरकारी कंपन्या झाल्या. मी त्यानंतर काही वर्षांनी या धंद्यात आलो. तेव्हा कारखान्याचा विमा असे, दुकानाचा असे, ट्रकचा तर कायद्यानंच असे. घराचा विमा आहे असं कुणी सांगितलं की आम्ही तो माणूस बघायला जायचो.

पुढं गृहकर्जं आली आणि बँकांनी कर्जाबरोबर विमा उतरवायला सुरुवात केली. २००१ च्या आगीच्या दरपत्रकानंतर वादळ आणि पूर हे धोके प्रमाणित पॉलिसीच्या आतच आले. नको असतील तर काढून टाकून हप्ता थोडा कमी करता येत असे. नदीकाठच्या गावात ‘आमच्या गल्लीत पाणी कधी आलं नाही’ म्हणून पूर काढून टाकणारे लोक मी पाहिले आहेत. गल्ली खरं बोलत होती. २००५ पर्यंत.

त्या वर्षीचा एक दावा मी अजून विसरलो नाही. गावभागातल्या एक निवृत्त शिक्षिका. नवरा गेलेला, मुलगा बाहेरगावी. बाई हिशोबाच्या पक्क्या. फाइल काढून समोर ठेवली: पॉलिसी, पावत्या, फोटो. नुकसान मी ३ लाखांचं धरलं, त्यांचंही तेवढंच होतं. मला बरं वाटलं, कारण असं क्वचित होतं. मग मी विम्याची रक्कम पाहिली: ८ लाख. बँकेनं कर्जाएवढा विमा उतरवला होता. घर तसंच पुन्हा बांधायचं तर खर्च होता २० लाख. आता येतं सरासरीचं कलम. वीसपैकी आठचाच विमा असेल तर कंपनी नुकसानाच्याही वीसपैकी आठ वाटे देते, उरलेल्या बारा वाट्यांची विमा कंपनी तुम्ही स्वतः. ३ लाखांचे झाले १ लाख २० हजार.   सामानाचा, म्हणजे फ्रिज, कपाटं, गाद्या, पुस्तकं यांचा विमा काढलेलाच नव्हता. कर्ज इमारतीवर होतं, बँकेला गाद्यांशी काय देणंघेणं?

बाईंनी कागद दोनदा वाचला. म्हणाल्या, “भाऊ, मी चाळीस वर्षं मुलांना त्रैराशिक शिकवलं. हे मला पॉलिसी देताना कुणी घातलं असतं तर मी सोडवलं असतं.”

मी काही बोललो नाही. त्यांचं बरोबर होतं.

२०१९ पर्यंत मी निवृत्त झालो होतो, पण ओळखीच्या घरांत बोलावणी येत राहिली. चित्र तेच. ज्यांचा विमा नव्हता ते सरकारच्या सानुग्रह अनुदानाच्या रांगेत: शहरात १५ हजार, खेड्यात १० हजार. त्या पैशांत गाळ काढणं आणि विजेची जोडणी पुन्हा करणं होतं. हे अनुदान म्हणजे मदत, भरपाई नव्हे. पण आपल्याकडं या दोन शब्दांत फरक करणारे कमी. आणि ज्यांचा विमा होता त्यांच्यापैकी कित्येकांचे मूळ कागद खालच्या कपाटात भिजलेले. ४३ फुटांना कागद वर चढवणारी आजी त्या घरांत उरली नव्हती.

१ एप्रिल २०२१ पासून घरांसाठी भारत गृह रक्षा ही प्रमाणित पॉलिसी आली. नियामकांनी घालून दिलेली असल्यानं सर्वसाधारण विमा कंपन्यांकडं तिचा गाभा सारखाच. या धंद्यावर टीका करायची मला सवय आहे, म्हणून चांगलं झालं तेही सांगतो. विम्याची रक्कम ठरते ती घराचं चटई क्षेत्र गुणिले बांधकामाचा दर या हिशोबानं. जमिनीची किंमत त्यात येत नाही, कारण जमीन वाहून जात नाही. ९०० चौरस फूट आणि २ हजारांचा दर धरला तर १८ लाख. सामान त्यात आपोआप येतं, इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाखांपर्यंत. म्हणजे इथं ३ लाख ६० हजार. आणि कमी रकमेच्या विम्यावर चालणारी ती वीसाला आठची कात्री काढून टाकली आहे. त्या बाई आज असत्या तर मी हे कलम त्यांना वाचून दाखवलं असतं. दागिन्यांसारख्या मौल्यवान वस्तूंचं मात्र वेगळं सांगावं लागतं. पाणी डोक्यावर आल्यावर काढलेल्या विम्याचा उपयोग नाही, तेव्हा हे काम मे महिन्याचं.

पण विमा भिंत कोरडी ठेवत नाही. आमच्या गल्लीत आता पार्किंगवर मजले असलेल्या इमारती झाल्या. वरची माणसं सुरक्षित, हे जुन्या माडीचंच नवं रूप, चांगलंच आहे. पण विजेचे मीटर, पाण्याची मोटर, लिफ्टचं यंत्र सगळं खाली पार्किंगमध्ये. २०१९ ला चौथ्या मजल्यावरचा कोरडा माणूस दहा दिवस अंधारात, पाण्यावाचून अडकला. मीटर आठ फुटांवर न्यायला काय खर्च येतो, ते कुठलाही वायरमन पाच मिनिटांत सांगेल. मी आमच्या घरात सगळी बटणं २०१९ च्या रेघेवर घेतली आहेत. पाहुणे विचारतात, घरात उंट राहतात का.

पॉलिसीचा कागद आणि सामानाची यादी माळ्यावर पत्र्याच्या पेटीत असते, फोटो मुलीच्या फोनमध्ये पुण्याला. यादी दर अक्षय्य तृतीयेला मी आणि बायको मिळून तपासतो. ती म्हणते, अशानं लक्ष्मी राहत नाही. पण नवा मिक्सर आणला तेव्हा पावती तिनंच आधी पेटीत टाकली.

गेल्या उन्हाळ्यात घराचं रंगकाम काढलं. रंगाऱ्याला सांगितलं, तीन रेघांचा वीतभर पट्टा सोड, तिथं ब्रश लावायचा नाही. त्याला वाटलं वास्तूचं काहीतरी आहे. त्याचं घर कुठं विचारलं तर म्हणाला, कर्नाळ रस्त्याला. मग त्यानं पट्टा नीट चिकटपट्टी लावून सोडला. पैसे मात्र पुऱ्या भिंतीचेच घेतले.